लॉगची पहिली ओळ

2013 सालचा पावसाळा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला लार्ज हॅड्रॉन कोलायडर त्या फेब्रुवारीत मोठ्या दुरुस्तीसाठी थांबला होता, पण आधीच्या तीन वर्षांत नोंदलेल्या टकरींचं विश्लेषण जगभर जोरात चालू होतं. त्याच महिन्यात सर्नच्या साठ्यानं 100 पेटाबाइटांचा टप्पा ओलांडला. एवढी माहिती एका छपराखाली ठेवून सगळ्यांना वापरता येत नाही, म्हणून ती अनेक देशांतल्या दीडशेच्या आसपास संगणन केंद्रांत वाटलेली होती. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. भारतातून मुंबईचं टीआयएफआर सीएमएस प्रयोगासाठी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी ॲलिस प्रयोगासाठी या जाळ्यात आहे.

मी तेव्हा मुंबईत संशोधक विद्यार्थिनी होते. युरोपातल्या एका केंद्रातून प्रत्येकी साधारण चार गिगाबाइटच्या चाळीस फाइली आमच्या विभागाच्या नव्या मशीनवर आणायच्या होत्या. साधन ठरलेलं होतं : ग्लोबस-यूआरएल-कॉपी, म्हणजे टर्मिनलवर टाइप करायची एक कमांड. ती अडत होती. मी एक स्क्रिप्ट लिहिली. फसलं की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चालवायचं. शुक्रवारी रात्री आठला ती लावली आणि शनिवारी सकाळी पुण्याला मामाकडे गेले. मामा एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागातून नुकताच निवृत्त झाला होता. त्या दोन दिवसांत आमच्यात जे बोलणं झालं ते इथे आठवणीतून मांडते आहे.

मी : मामा, सापडलं कारण. प्रॉक्सीची मुदत संपली आहे. लॉगच्या शेवटच्या सगळ्या ओळी तेच सांगताहेत. नवी घेते आणि पुन्हा लावते.

मामा : आणि पहिली ओळ काय सांगते?

मी : पहिली तर काल रात्रीची आहे.

मामा : तीच दाखव.

लॉग वर सरकवत नेला. पहिली चूक आठ वाजून काही मिनिटांनी झाली होती आणि तिच्यात प्रॉक्सीचा उल्लेखही नव्हता. जोडणी झाली होती, ओळख पटली होती, फाइल सापडली होती. मग एकही बाइट न हलता वेळ संपली होती.

मामा : प्रॉक्सी किती तासांची होती?

मी : नेहमीची, बारा तासांची.

मामा : मग रात्री आठची प्रॉक्सी सकाळी आठला संपणारच. ग्रिडवर आपण पासवर्ड फिरवत नाही. मूळ प्रमाणपत्रावरून थोड्या तासांचं मुखत्यारपत्र करून देतो, म्हणजे ते कुणाच्या हाती लागलं तरी नुकसान थोडक्यात आटपतं. मुदत संपली हे त्या व्यवस्थेचं नीट चालणं आहे. तुझी फाइल रात्री आठला अडली तेव्हा मुखत्यारपत्र ताजं होतं. सकाळी पहिल्या दुखण्यावर दुसरं चढलं आणि तू दुसऱ्याला औषध द्यायला निघालीस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी : मान्य. पण मला एक सांग, हे लॉग वाचत बसणं माझं काम आहे का? मी भौतिकी शिकते. दीडशे केंद्रं आहेत, त्यात रोज कुठे ना कुठे डिस्क मोडलेली असणार, कुठे दुरुस्ती चालू असणार. प्रत्येक अपयशाकडे माणसानं बघायचं ठरवलं तर विश्लेषण कधी व्हायचं? सर्ननं फाइल ट्रान्सफर सर्व्हिस का बांधली? रांग लावणं, वेग आवरणं, फसलं तर पुन्हा पाठवणं हे सगळं माणसाच्या हातून काढून घेण्यासाठीच ना? माझी स्क्रिप्ट हे त्याचंच छोटं रूप आहे. इलाज वरचा थर शहाणा करण्यात आहे, माणसानं खालच्या थरात उतरण्यात नाही.

मामा : पुन्हा पाठवण्याला माझा विरोध नाही. पण पुन्हा पाठवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचार : या दहा मिनिटांत काय बदलेल असं मला वाटतं? तिकडच्या डिस्कवर गर्दी असेल तर ती ओसरेल, सर्व्हर नुकताच उठत असेल तर उठेल. अशा वेळी थांबून पुन्हा करणं हाच शहाणपणा. पण फायरवॉलचा नियम दहा मिनिटांत स्वतःहून बदलत नाही. चुकीचा पत्ता पन्नासाव्या वेळी बरोबर होत नाही. तुझ्या स्क्रिप्टला हा फरक कळत नाही, तिला फक्त ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ एवढंच कळतं.

मी : कारण कळलं तर फरक करता येईल ना! संदेश बघ कसे असतात. एका चुकीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, आणि वर लिहिलेलं काय, तर सिस्टिम एरर. यातून माणसानं काय समजायचं? हा दोष साधन लिहिणाऱ्यांचा आहे.

मामा : तुझी तक्रार खरी आहे. पाच थर एकावर एक रचले की प्रत्येक थर खालच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगतो आणि वर येईपर्यंत अर्थ पातळ होतो. म्हणून मी सगळ्यात आतली ओळ वाचतो, कारण घटना जिथे घडली तिथली साक्ष तीच असते. पण आता संदेश बाजूला ठेव. लक्षणं सांग. त्या सर्व्हरवरची यादी दिसते?

मी : लगेच दिसते.

मामा : म्हणजे तुझी ओळख तिथे मान्य आहे. छोटी फाइल येते?

मी : नाही, एक किलोबाइटची पण अडकते.

मामा : इथून तिकडे पाठवता येते?

मी : हो. कालच चाचणीची एक फाइल चढवली. आठ समांतर प्रवाह लावून, झरझर गेली.

मामा : थांब. तिकडे चढते, इकडे उतरत नाही. त्याच दोन मशीन, तेच प्रमाणपत्र, तेच आठ प्रवाह. फरक फक्त दिशेचा. अगं, अर्धं उत्तर इथेच आहे.

मी : ते कसं?

मामा : छोटी येते आणि मोठी अडकते असं असतं, तर मी वाटेवरच्या पाकिटांच्या मापाकडे बघितलं असतं. एका टोकाला 9000 बाइटांची पाकिटं चालतात, मधे कुठे तरी 1500 च मावतात, आणि ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप फायरवॉल गिळून टाकते. मग छोटं बोलणं जातं आणि मोठा माल गुपचूप हरवतो. एकच फाइल अडली असती तर ती ज्या डिस्कवर आहे ती बघायला सांगितलं असतं. सगळ्यांचंच एकदम बंद पडलं असतं तर सर्व्हरचं स्वतःचं प्रमाणपत्र संपलं असेल, किंवा रद्द प्रमाणपत्रांची यादी ताजी करणारं काम बंद पडून यादी शिळी झाली असेल. प्रॉक्सी आत्ताच काढली आणि ‘अजून वैध नाही’ असं आलं, तर कुणाचं तरी घड्याळ चुकलेलं असतं. लक्षणाला आकार असतो. तुझं लक्षण दिशेचं आहे.

मी : आणि आठ प्रवाहांचा पर्याय काढून टाकला तर?

मामा : चालवून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल.

नवी प्रॉक्सी घेतली, पर्याय काढला. फाइल यायला लागली, पण मुंगीच्या पावलांनी.

मी : झालं तर मग! आठ प्रवाह काढून टाकते आणि स्क्रिप्ट लावते.

मामा : आधी हिशेब कर. मुंबई ते मध्य युरोप, पाकीट जाऊन पोच यायला 150 मिलिसेकंद धर. पोच न येता वाटेवर किती माल असू शकतो याला टीसीपीमध्ये खिडकी म्हणतात. ती 64 किलोबाइटांवर अडली असेल, तर दर 150 मिलिसेकंदांना 64 किलोबाइट.

मी : म्हणजे सेकंदाला सव्वाचारशे-साडेचारशे किलोबाइट. चार गिगाबाइटला अडीच तास. चाळीस फाइली... शंभर तास.

मामा : चार दिवसांहून जास्त, आणि प्रॉक्सी बारा तासांची. तार कितीही जाड असली तरी खिडकी लहान असेल तर तार रिकामीच राहते. म्हणून तर आठ प्रवाह लावायचे, म्हणजे आठ खिडक्या. किंवा बफर वाढवून एकच खिडकी मोठी करायची. एक गिगाबिटची तार या अंतरावर पूर्ण भरायला जवळपास 19 मेगाबाइट माल सतत वाटेवर लागतो. तेव्हा आठ प्रवाह तुला हवेतच. ते का अडतात ते शोधू. कमांडला डीबगचा पर्याय जोड आणि दोन मशीन एकमेकांशी काय बोलतात ते वाच.

पडद्यावर सर्व्हरशी झालेलं सगळं संभाषण उतरायला लागलं. ओळख पटल्याच्या ओळी गेल्या, फाइलीचा आकार आला. मग आमच्या मशीननं पाठवलेली एक ओळ आली : पोर्ट, आणि पुढे स्वल्पविरामांनी तोडलेले सहा आकडे, 192,168,5,20,78,40. त्यानंतर शांतता.

मामा : हे सहा आकडे म्हणजे पत्ता. पहिले चार मशीनचे, शेवटचे दोन दाराचे. 78 गुणिले 256 अधिक 40.

मी : 20008. म्हणजे दार बरोबर आहे, 20000 ते 25000 ही हद्द मीच लावून ठेवली होती. पण 192.168... मामा, हा तर आतला पत्ता आहे!

मामा : म्हणजे तुझं मशीन युरोपातल्या सर्व्हरला सांगतंय, ‘मी अमक्या खोलीत आहे, माल घेऊन ये.’ पण तो खोली क्रमांक तुमच्या इमारतीबाहेर कुणाला माहीत नाही.

मी : पण सर्व्हरनं माझ्याकडे यायचंच कशाला? यादी मागताना मीच त्याच्याकडे गेले होते.

मामा : एफटीपी हा जुना करार आहे. आजही पाळलं जाणारं त्याचं मानक 1985 चं. त्यात दोन वाटा असतात. एक बोलण्याची आणि एक माल नेण्याची. ग्रिडएफटीपीनं 2003 मध्ये त्यावर सुरक्षा आणि समांतर प्रवाह चढवले. बोलण्याची वाट 2811 या दारावर, ती तू उघडतेस. मालाची वाट कोण उघडणार हे मात्र पद्धतीवर ठरतं. प्रवाह एकच असेल तर तूच जाऊन माल आणू शकतेस. अनेक प्रवाह लावले की माल तुकड्यांनी येतो, प्रत्येक तुकड्यावर त्याची जागा लिहिलेली असते, आणि त्या पद्धतीत जोडणी नेहमी माल पाठवणाऱ्यानंच उघडायची असा नियम आहे.

मी : म्हणून चढवताना चाललं! तेव्हा पाठवणारी मी होते, दार मी ठोठावलं. उतरवताना पाठवणारा तो, आणि त्याला माझं दार सापडतच नाही.

मामा : सगळी यंत्रं नियमानं वागत होती. तुझं नवं मशीन आतल्या पत्त्यावर ठेवणाऱ्यांनीही सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबरच केलं. तीन बरोबर गोष्टी एकत्र आल्या आणि फाइल अडली. आता नेटवर्कवाल्यांना सांगून या मशीनला बाहेरचा पत्ता घे आणि दारांची हद्द उघडून घे.

मी : त्याला महिना लागेल. आणि मला वाटतं ते करूही नये. मामा, माल माझ्या मशीनवर आणायचाच कशाला? आमच्या संस्थेच्या साठवण सर्व्हरला बाहेरचा पत्ता आहे, दारं उघडी आहेत. मी इथून दोघांशी फक्त बोलते. माल थेट त्या सर्व्हरकडून या सर्व्हरकडे जाऊ दे. फाइल ट्रान्सफर सर्व्हिस हेच तर करते! नंतर इमारतीतल्या इमारतीत फाइली घेणं सोपं आहे.

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे मला आधी सुचायला हवं होतं. मी दार दुरुस्त करायला निघालो होतो. तू त्या दाराची गरजच काढून टाकलीस.”

त्या रात्री बोलण्याच्या दोन्ही वाटा आमच्याकडे आणि मालाची वाट त्या दोन सर्व्हरांमध्ये, अशा पद्धतीनं फाइली हलायला लागल्या. सकाळी अडतीस आल्या होत्या. दोन राहिल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे ‘चेकसम जुळत नाही’ असं लिहिलं होतं. चेकसम म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा.

मी : या दोन वाटेत बिघडल्या. पुसते आणि परत मागवते.

मामा : आकार बरोबर आहे?

मी : बाइटन्‌बाइट.

मामा : मग पुसू नकोस. तपासाआधी पुरावा मोडायचा नाही. माल वाटेत बिघडू शकतो, हे खरं आहे. टीसीपीची स्वतःची तपासणी 16 बिटांचीच असते, आणि तिच्या नजरेतून सुटणाऱ्या चुका प्रत्यक्षात होतात हे स्टोन आणि पार्ट्रिज यांनी 2000 साली खऱ्या वाहतुकीवरून दाखवलं होतं. म्हणूनच ग्रिडवर प्रत्येक फाइलीचा ॲडलर-32 हा चेकसम वेगळा काढतात. पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही बघू.

लिहिले. तिकडच्या नोंदीत आठ खुणा होत्या, पहिली शून्य. आमच्या सर्व्हरनं सांगितलेल्या सातच. शून्य सोडलं तर उरलेल्या सात खुणा जशाच्या तशा.

मी : आकडा एकच आहे. कुणी तरी डावीकडचं शून्य खाल्लं.

मामा : आणि तुलना करणाऱ्यानं तो आकडा म्हणून न वाचता अक्षरं म्हणून वाचला. सोळा चिन्हांपैकी पहिलं शून्य असण्याची शक्यता किती?

मी : सोळात एक. चाळीसात दोन-तीन. जमतंय! म्हणजे माझी स्क्रिप्ट या दोन चांगल्या फाइली पुसून पुन्हा पुन्हा मागवत राहिली असती. कायम. प्रत्येक वेळी चार गिगाबाइट, प्रत्येक वेळी तेच शून्य.

मामा : आणि तिकडच्या माणसाला तुझ्याकडून येणारी गर्दी दिसली असती, कारण दिसलं नसतं. आता त्यांना कळव.

मी : गेल्या आठवड्यात कळवलं होतं की फाइल येत नाही, कृपया बघा. उत्तर नाही.

मामा : त्यांनी काय बघायचं होतं? हजारो फाइलींच्या नोंदींत तुझी ओळ कुठली? ग्रिडवर मालक कुणीच नसतो. तुझं मशीन तुझ्या संस्थेचं, तार तिसऱ्याची, सर्व्हर परक्या देशातला. पलीकडचं तुला दुरुस्त करता येत नाही, ते दाखवता मात्र येतं. आपल्या कामातलं निम्मं कौशल्य दाखवण्यातच आहे. त्या माणसाला उठून नेमक्या जागी जाता येईल असं लिही.

मी लिहिलं : पूर्ण कमांड, फाइलीचा पूर्ण मार्ग, दोन्ही चेकसम, आकार जुळतो हे, आणि शून्य असलेल्या फाइलींतच असं होतं हे निरीक्षण. वेळ लिहिली सकाळचे सहा वाजून दहा.

मामा : कुठले सहा दहा? त्यांच्या लॉगमध्ये तुझी सकाळ नाही. यूटीसी लिही. साडेपाच तास वजा.

शून्य वाजून चाळीस मिनिटं, असं दुरुस्त केलं. सोमवारी उत्तर आलं. त्यांना ती ओळ सापडली होती. आकडे अक्षरांसारखे न पडताळता किमतीनं पडताळावेत एवढी दुरुस्ती पुरणार होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ग्लोबस-यूआरएल-कॉपी ज्या संचातली, त्या ग्लोबस टूलकिटला तिच्या मूळ निर्मात्यांचा आधार जानेवारी 2018 मध्ये थांबला. पुढे वापरणाऱ्यांच्या समूहानं तिला ग्रिड कम्युनिटी टूलकिट म्हणून जिवंत ठेवलं. सर्नच्या ग्रिडनं ग्रिडएफटीपी सोडून एचटीटीपी आणि एक्सरूटडी हे मार्ग धरले, प्रॉक्सीच्या जागी टोकन यायला लागली. कमांडही बदलल्या. पण सर्व्हर ते सर्व्हर माल पाठवताना बोलणारा एकीकडे आणि माल दुसरीकडे हे आजही तसंच आहे. टोकनही मुदतीचंच असतं, घड्याळ आजही चुकतं, आणि खूप वेळा पुन्हा केलेल्या प्रयत्नांच्या ढिगाखाली पहिली चूक आजही गाडली जाते.

मामाशी झालेल्या वादात मी माझी बाजू सोडलेली नाही. माणसानं रात्रभर फाइलींची राखण करू नये. ते काम यंत्रालाच द्यावं, हे मी आजही ठामपणे म्हणते आणि विद्यार्थ्यांना तशीच साधनं लिहून देते. त्या प्रत्येक साधनात पुन्हा प्रयत्न करणं आहे. फक्त त्याआधी दोन गोष्टी आहेत. जी चूक थांबल्यानं बदलणार नाही तिथे साधन थांबतं आणि माणसाला हाक मारतं. आणि पहिल्या चुकीची ओळ, पूर्ण कमांड आणि यूटीसी वेळेसह, वेगळ्या फाइलीत जाते. पुढचे कितीही प्रयत्न झाले तरी त्या फाइलीवर काही लिहिलं जात नाही.

विद्यार्थी माझ्याकडे अडलेली फाइल घेऊन आले की सहसा लॉगचं शेपूट दाखवतात. मी ती वेगळी फाइल उघडायला सांगते.